मेम्फिसचं नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियम : सफाई कामगारांचा संप समजून घ्यायला जाणार असाल तर

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्याचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना ४ एप्रिल १९६८ला टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात ज्या लॉरेन मोटेलच्या गॅलरीत गोळी लागली, त्याच मोटेलच्या इमारतीत हे म्युझियम आहे. बहुतेक लोक ती गॅलरी आणि किंग उतरले होते ती ३०६ नंबरची खोली बघायला येतात. किंग मात्र मेम्फिसला आले होते ते शहराच्या सफाई खात्यातल्या जवळपास १,३०० कृष्णवर्णीय कामगारांच्या संपासाठी. म्हणून हे परीक्षण त्या संपाच्या बाजूने लिहिलं आहे. म्युझियम पाहून संप कितपत कळतो, काय राहून जातं आणि ते भरून काढायचं असेल तर मेम्फिसमध्ये आणखी कुठे जावं, एवढंच यात आहे.

निकाल आधीच सांगायचा तर जरूर जा. संपाचं दालन मनापासून केलेलं आहे आणि त्यातला कचऱ्याचा ट्रक एकटाच तिकिटाचे पैसे वसूल करून देतो. पण ६५ दिवस ज्या मुद्द्यावर घोडं अडलं होतं तो मुद्दा वस्तूंमधून दिसत नाही. युनियनची वर्गणी पगारातून कापायची की नाही, हा तो मुद्दा. तो घरूनच समजून गेलात तर या दालनातली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसू लागते.

आधी व्यवहाराचं. पत्ता ४५० मलबेरी स्ट्रीट. बील स्ट्रीटवरून दहा-पंधरा मिनिटांत चालत पोचता येतं. मंगळवारी बंद, बाकीच्या दिवशी साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ५. मोठ्यांचं तिकीट २० डॉलरच्या घरात आहे; दर आणि वेळा बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी संकेतस्थळावर बघून घ्या. जानेवारीतला किंग यांच्या जयंतीचा सोमवार, फेब्रुवारीतल्या शाळांच्या सहली आणि ४ एप्रिल या दिवसांत गर्दी फार असते. ४ एप्रिलला संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटाने गॅलरीवर पुष्पचक्र वाहतात. त्या कार्यक्रमाला हजर राहायचं असेल तर त्याच दिवशी जा, पण दालनं निवांत वाचायची असतील तर तो दिवस टाळा. किमान तीन तास हाताशी ठेवा. व्हीलचेअर सगळीकडे जाते. लहान मुलांना आणणार असाल तर एवढं लक्षात घ्या की गुलामांच्या जहाजापासून जळालेल्या बसपर्यंत कुठलीच गोष्ट इथे सौम्य करून दाखवलेली नाही, आणि ते योग्यच आहे.

अडचण आहे ती क्रमाची. रस्ता एकाच दिशेने जातो. गुलामगिरी, मग शाळांमधला वर्णभेद, मग माँटगोमेरीची बस, काळ्यांना बसू न देणाऱ्या लंच काउंटरवरचं ठिय्या आंदोलन, बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेल्या फ्रीडम रायडर्सची जाळलेली बस, १९६३चा वॉशिंग्टनचा मोर्चा, असं करत करत संपाचं दालन अगदी शेवटाकडे येतं. तोवर दोन तास उभं राहून पाय बोलायला लागलेले असतात, आणि पुढे ३०६ नंबरची खोली आहे हे ठाऊक असल्याने लोक संपाजवळून घाईने निघतात. यावर उपाय एकच, पहिला भाग चाळत पुढे सरका. गुलामगिरीच्या दालनात वाचण्यासारखं खूप आहे. वेळ असेल तर ते शांतपणे वाचा. पण संपासाठी आला असाल तर शेवटचा पाऊण तास राखून ठेवा.

वाटेत दोन ठिकाणी मात्र थांबा, कारण कामगारांचा धागा तिथूनच पुढे येतो. पहिलं ठिकाण माँटगोमेरीची बस. आत रोझा पार्क्स यांचा पुतळा बसलेला आहे आणि सगळे त्याच्याशेजारी फोटो काढतात. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ला अटक झाली तेव्हा जामीन भरायला धावले ते ई. डी. निक्सन. निक्सन पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांवर पोर्टर होते आणि पोर्टरांच्या युनियनच्या माँटगोमेरी शाखेचे प्रमुख होते. त्यांचा पगार गावातल्या कुठल्या गोऱ्या मालकाकडून येत नव्हता, तो शिकागोच्या कंपनीकडून येत होता. त्यामुळे गावात कुणी त्यांची नोकरी घालवू शकत नव्हतं. या अटकेनंतर काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला; तो उभा करायला अशी माणसं लागतात, आणि अशी माणसं युनियनमध्ये तयार होत होती. हे डोक्यात ठेवून ती बस बघा.

दुसरं ठिकाण वॉशिंग्टनचा मोर्चा. मोर्चाच्या पूर्ण नावात स्वातंत्र्याच्या आधी ‘नोकऱ्या’ आहेत. तो काढायची कल्पना ए. फिलिप रँडॉल्फ यांची. रँडॉल्फ यांनी २५ ऑगस्ट १९२५ला पुलमन पोर्टरांची युनियन काढली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला बरोबर बारा वर्षं लागली, २५ ऑगस्ट १९३७. या बारा वर्षांत कंपनीने माणसं काढली, हेर पेरले, स्वतःची पाळीव युनियन काढून बघितली. १९४१ साली याच रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जूनला आदेश क्रमांक ८८०२ काढून युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णावरून भेदभाव करायला बंदी केली. तो मोर्चा निघालाच नाही, पण बावीस वर्षांनी निघाला. त्याच्या मागण्यांत देशभर तासाला किमान २ डॉलर मजुरी ही मागणी होती. हा २ डॉलरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता संपाचं दालन. मधोमध कचऱ्याचा जुना ट्रक उभा आहे आणि फलक घेतलेल्या मोर्चेकऱ्यांचे माणसाएवढे पुतळे आहेत. ट्रकच्या मागच्या बाजूला जा आणि तोंडाचा आकार बघा. तिथून कचरा आत टाकायचा आणि हायड्रॉलिक जोरावर चालणारी जाड पोलादी पाटी तो आत दाबत न्यायची, अशी ही रचना असते. १ फेब्रुवारी १९६८ला मुसळधार पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे कामगार पावसापासून आडोसा म्हणून अशाच एका ट्रकच्या मागच्या भागात शिरले. पुढे केबिनमध्ये जागा नव्हती. गोऱ्या वस्तीत कुणाच्या घराच्या ओसरीवर उभं राहायची मुभा नव्हती, कारण तिथल्या रहिवाशांनी तक्रारी केल्या होत्या. यंत्रणेत बिघाड झाला, दाबण्याची पाटी आपोआप चालू झाली आणि दोघे आत चिरडले गेले.

हे ट्रक जुने आणि धोक्याचे झाले आहेत अशी तक्रार कामगारांनी आधीच केली होती. शहराने त्यावर काही केलं नाही. त्यानंतर जे झालं त्याने लोक जास्त खवळले. कोल आणि वॉकर रोजंदारीवर होते, कायम नोकरांच्या यादीत नव्हते, म्हणून अपघाताच्या भरपाईचा कायदा त्यांना लागू नव्हता. शहराने दोन्ही घरांना एक महिन्याचा पगार आणि दफनासाठी ५०० डॉलर दिले. वॉकरची बायको तेव्हा गरोदर होती. मुंबई-पुण्यात पालिकेच्या कामावर कंत्राटी आणि कायम यांतला फरक ज्यांनी बघितला आहे त्यांना हा कागदी डाव समजावून सांगायला नको.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती, आणि ट्रकपुढे ती झाकली जाते. ३० जानेवारीच्या सुमाराला पावसामुळे गटार खात्यातल्या वीस-बावीस काळ्या कामगारांना घरी पाठवलं आणि हातात दोन तासांचा पगार ठेवला. गोरे मुकादम कामावर राहिले, पाऊस थांबल्यावर काम सुरू झालं आणि त्यांना पूर्ण दिवसाचा पगार मिळाला. युनियनच्या लोकांच्या मते संपाची ठिणगी आधी इथे पडली, ट्रकच्या अपघाताने तिचा वणवा केला. म्युझियमला भेट देणाऱ्यांपैकी बहुतेकांना अपघात आठवतो. पावसाच्या दिवसाचा पगार कुणाला आठवत नाही. पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला दर पावसाळी दिवशी हाच हिशेब सोसावा लागत होता.

कामाचं स्वरूपही समजून घ्यायला हवं. कचरा रस्त्यावर आणून ठेवायची पद्धत नव्हती. कामगाराने घरामागच्या परसात जायचं, तिथला कचरा टबात भरायचा आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत यायचं. टबांना भोकं पडलेली असायची. घाण पाणी आणि अळ्या अंगावर गळायच्या. हातमोजे, गणवेश, अंघोळीची सोय, यातलं काही नव्हतं. ठरलेली फेरी संपेपर्यंत घरी जायचं नाही आणि जादा तासांचे पैसे मागायचे नाहीत. मजुरी तासाला पावणेदोन डॉलरच्या आसपास. पूर्ण आठवडा राबूनही कितीतरी कुटुंबं सरकारी अन्न-मदतीला पात्र ठरत होती. दालनातल्या ट्रकचा पत्रा स्वच्छ आहे. त्याच्याकडे बघताना या टबांची आठवण ठेवावी.

१२ फेब्रुवारीला कामगार कामावर गेलेच नाहीत. आता त्या कळीच्या मुद्द्याकडे येऊ.

युनियनचं नाव एएफएससीएमई, म्हणजे सरकारी आणि पालिकेच्या नोकरांची देशव्यापी युनियन, स्थानिक शाखा क्रमांक १७३३. या आकड्यातले शेवटचे ३३ म्हणजे १९६३ साली संघटना बांधायला निघाले म्हणून कामावरून काढून टाकलेले ३३ कामगार. त्यांच्यातलेच टी. ओ. जोन्स या शाखेचे पुढारी. १९६६ सालीही संपाची तयारी झाली होती, पण न्यायालयाचा मनाई हुकूम आला आणि संप बारगळला. १९३५चा कामगार कायदा खाजगी उद्योगांतल्या युनियनला संरक्षण देत होता. सरकारी आणि नगरपालिकेचे नोकर त्यातून वगळलेले होते. टेनेसी राज्यात सरकारी नोकरांचा संप बेकायदा धरला जात होता. महापौर हेन्री लोब यांनी याच खुंट्याला धरून ठेवलं. हे लोब १९५०च्या दशकात याच सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख होते, म्हणजे ट्रक आणि टब त्यांना काही नवीन नव्हते.

पगारवाढीवर लोब थोडंफार बोलायला तयार होते. दोन गोष्टींना मात्र त्यांचा साफ नकार होता : युनियनला लेखी मान्यता आणि पगारातून वर्गणीची कपात. कपात एवढी महत्त्वाची का? ती नसेल तर युनियनच्या माणसाला दर पगाराला हजारभर कामगारांच्या मागे फिरून हातोहात वर्गणी गोळा करावी लागते. वर्गणी कोण देतो हे मुकादमाला उघड दिसतं आणि पुढच्या वेळी घरी पाठवायच्या यादीत त्याचंच नाव येतं. वर्गणी नियमित नाही म्हणजे कार्यालय नाही, पूर्णवेळ कार्यकर्ता नाही, तक्रार पुढे न्यायला वकील नाही.  म्हणून यावेळी कामगारांनी पगारापेक्षाही हा मुद्दा लावून धरला. युनियनमध्ये काम केलेला कुणीही हे एका क्षणात ओळखेल. म्युझियममध्ये मात्र याला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही, आणि माझ्या मते या दालनातला सगळ्यात मोठा दोष हाच आहे. फलकावरचे शब्द सगळ्यांना पाठ होतात, पण त्या शब्दांमागे लढवलेलं कलम कुणाला ठाऊक नसतं.

संपाची वेळही सोयीची नव्हती. फेब्रुवारीच्या थंडीत कचरा कुजत नाही, वास सुटत नाही, त्यामुळे शहराची गळचेपी होत नाही. सफाईचा संप करायचा तर उन्हाळ्यात, हे युनियनच्या राष्ट्रीय नेत्यांना माहीत होतं. पण मेम्फिसच्या कामगारांनी त्यांना विचारून संप केलाच नव्हता. आधी काम बंद झालं, मग युनियनचे पी. जे. चियांपा आणि राष्ट्रीय अध्यक्ष जेरी वर्फ विमानाने आले. लोब यांनी बदली माणसं भरली आणि पोलिसांच्या बंदोबस्तात काही ट्रक चालू ठेवले. नुसता कचरा साचवून हा संप जिंकता येणार नव्हता. शहराला दुसरीकडून चिमटा बसायला हवा होता.

तो कसा बसला, हा सगळ्या हकिगतीतला शिकण्यासारखा भाग. २३ फेब्रुवारीला नगर परिषदेच्या बैठकीतून निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी डोळे जाळणारा मेस फवारला. त्यात काळे धर्मोपदेशकही सापडले. दुसऱ्या दिवशी शहरातले सुमारे दीडशे धर्मोपदेशक एकत्र आले आणि कोम नावाची समिती उभी राहिली. तिचे अध्यक्ष होते रेव्हरंड जेम्स लॉसन. समितीने शहराच्या मध्यवर्ती बाजारावर बहिष्कार पुकारला. ईस्टरला नवे कपडे घ्यायचे नाहीत. महापौरांच्या भावाच्या लाँड्र्या आणि खानावळी, म्हणजे ज्यावर लोब हे नाव आहे अशा दुकानांची पायरी चढायची नाही. संपाच्या विरोधात लिहिणारी शहरातली दोन्ही वर्तमानपत्रं घ्यायची नाहीत. त्यातल्या कमर्शियल अपीलमध्ये हॅम्बोन नावाच्या काळ्या माणसाची टिंगल करणारं चित्र वर्षानुवर्षं छापून येत होतं. ते त्याच वर्षी बंद झालं. रोज मोर्चा, रात्री कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये सभा, सभेत संपकऱ्यांच्या घरभाड्यासाठी आणि शिध्यासाठी झोळी, हा क्रम अखंड चालला. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांशिवाय मेन स्ट्रीटवरच्या दुकानदारांचं चालत नव्हतं. महापौरांवर दबाव आला तो या बाजूने.

या लॉसन यांच्यापाशी मराठी वाचकाने मुद्दाम थांबावं. कोरियाच्या युद्धात सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला हा तरुण सुटल्यावर मेथडिस्ट मिशनतर्फे १९५३ साली नागपूरला आला आणि हिस्लॉप कॉलेजमध्ये तीन वर्षं राहिला. गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे केला. माँटगोमेरीत काळे लोक बसवर बहिष्कार टाकून चालत कामाला जात आहेत, ही बातमी त्यांनी वाचली ती नागपूर टाइम्समध्ये. परत गेल्यावर १९५७ साली किंग त्यांना भेटले आणि दक्षिणेत या असा आग्रह धरला. नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना लंच काउंटरवर मार खाऊन हात न उचलण्याचं प्रशिक्षण दिलं ते लॉसन यांनीच. त्याबद्दल १९६० साली व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. म्युझियममधल्या लंच काउंटरच्या दालनाचा आणि संपाच्या दालनाचा दुवा म्हणजे हा एक माणूस, आणि त्याच्या तयारीची तीन वर्षं विदर्भात गेली आहेत. किंग यांना मेम्फिसला बोलावून आणणारेही तेच. २०२४ साली, ९५व्या वर्षी ते गेले. नागपूरहून कुणी या म्युझियमला जात असेल तर हे माहीत असायलाच हवं.

आता फलक. ‘आय अ‍ॅम अ मॅन’ हे शब्द जाड ठशात, त्यातल्या ‘अ‍ॅम’खाली रेघ. नातवंडं असलेल्या माणसालाही ‘बॉय’ म्हणून हाक मारणाऱ्या शहरात हे शब्द घेऊन कामगार रस्त्यावर आले. फलक तयार झाले ते क्लेबॉर्न टेंपल या चर्चमध्ये. दालनात मोर्चाचे फोटो बघताना एक बारकावा शोधा. २८ मार्चच्या प्रसिद्ध फोटोत फलक लाकडी काठ्यांवर ठोकलेले आहेत. २९ मार्चच्या फोटोत, म्हणजे एका बाजूला संगिनी रोखलेले नॅशनल गार्डचे जवान आणि दुसऱ्या बाजूला चिलखती गाड्या असलेल्या फोटोत, तेच फलक दोरीने गळ्यात अडकवलेले आहेत. मधल्या एका दिवसात काठ्या गेल्या. कारण २८ तारखेच्या मोर्चात मागच्या काही पोरांनी काठ्या उपसून बील स्ट्रीटवरच्या दुकानांच्या काचा फोडल्या. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला, लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला आणि किंग यांना मोर्चातून बाजूला न्यावं लागलं. मोर्चा काढणाऱ्यांच्या हातात काठ्या असाव्यात का, स्वयंसेवक किती आणि कुठे ठेवावेत, पुढचे लोक शिस्तीचे असले तरी मागची गर्दी कुणाच्या ताब्यात आहे, हे सगळे प्रश्न त्या दोन फोटोंत आहेत.

२८ मार्चचा तो फोटो अर्नेस्ट विदर्स यांचा. काळ्या चळवळीचे हे अव्वल छायाचित्रकार एफबीआयला माहिती पुरवत होते, हे २०१० साली उघडकीला आलं. फोटोची किंमत त्याने कमी होत नाही, पण चळवळीत किती आतपर्यंत पाळत होती याचा तो पुरावा आहे.

३०६ नंबरच्या खोलीपाशी फार सांगण्यासारखं नाही. काचेपलीकडे खोल्या ३०६ आणि ३०७ तेव्हाच्यासारख्या ठेवल्या आहेत, खाली १९५९ची डॉज आणि १९६८ची पांढरी कॅडिलॅक उभी आहे. रांग इथे तुंबते. मागच्यांना जागा द्या. रस्त्यापलीकडच्या ज्या जुन्या लॉजमधून गोळी झाडली गेली ती इमारतही म्युझियमचाच भाग आहे. नूतनीकरणामुळे ती बंद असू शकते. तिथे खुनाच्या तपासाचा तपशील आहे. संपासाठी ती चुकली तरी चालेल.

खरी खंत वेगळीच आहे. इमारतीची रचनाच अशी की लोक ३०६पाशी पोचतात आणि गोष्ट संपली असं समजून बाहेर पडतात. संप तेव्हा संपला नव्हता. ८ एप्रिलला कोरेटा किंग यांनी नवऱ्याच्या दफनाच्या आदल्या दिवशी मेम्फिसमध्ये मूक मोर्चा नेला. हजारो लोक होते, एक काच फुटली नाही. अध्यक्ष जॉन्सन यांनी कामगार खात्याचे जेम्स रेनॉल्ड्स यांना मध्यस्थीला पाठवलं आणि १६ एप्रिलला, ६५व्या दिवशी करार झाला. युनियनला मान्यता, तक्रार निवारणाची ठरलेली पद्धत, बढतीत वर्णभेद नाही. १ मेपासून तासाला १० सेंट आणि १ सप्टेंबरपासून आणखी ५ सेंट वाढ. वर्गणीची कपात मिळाली, पण वळसा घालून : शहर पगारातून कापलेली रक्कम कामगारांच्या पतपेढीत भरणार आणि पतपेढी ती युनियनला देणार. ‘शहर युनियनसाठी वर्गणी गोळा करत नाही’ असं म्हणायला महापौर मोकळे राहिले आणि कामगारांना हवं ते मिळालं. चालू अंदाजपत्रकात वाढीसाठी पैसे नाहीत अशी सबब होती. ती औषध उद्योजक एब प्लाव यांनी नाव न सांगता सुमारे ६० हजार डॉलर देऊन दूर केली.

आता तो २ डॉलरचा आकडा. १९६३ला वॉशिंग्टनमध्ये मागितलेली किमान मजुरी पाच वर्षांनी, तीन बळी आणि किंग यांचा खून झाल्यावरही, पंधरा सेंट धरून बहुतेकांच्या पदरात पडली नाही. शिवाय पेन्शनचा प्रश्न राहिला तो राहिलाच. १९६८च्या संपकऱ्यांना शहराची पेन्शन मिळाली नाही, फक्त केंद्राच्या सोशल सिक्युरिटीवर त्यांची म्हातारपणं गेली. काही जण ऐंशीच्या घरात पोचले तरी कामावर जात होते. २०१७ साली शहराने तेव्हा हयात असलेल्या १४ जणांना प्रत्येकी ५० हजार डॉलर जाहीर केले आणि नंतर रक्कम वाढवली. हा हिशेब, कराराची कलमं आणि पेन्शन, मोठ्या अक्षरात ३०६च्या बाहेरच्या भिंतीवर लावायला हवा. म्युझियमला एकच सूचना करायची असेल तर ही.

मोटेलचाही एक भांडणाचा इतिहास आहे. १९८२ साली लिलावात १ लाख ४४ हजार डॉलरला वास्तू वाचवली गेली, १९९१ साली म्युझियम उघडलं, आणि मधे १९८८ला शेवटच्या भाडेकरू बाईंना पोलिसांनी सामानासकट बाहेर काढलं. त्या पुढे कितीतरी वर्षं समोरच्या पदपथावर धरणं धरून बसल्या. किंग यांच्या नावाने एवढा पैसा खर्च करायचा तर गरिबांच्या घरांवर करा, हे त्यांचं म्हणणं. आज मोटेलच्या आसपासच्या साउथ मेन भागातली भाडी बघितली की ते म्हणणं झटकून टाकता येत नाही.

म्युझियममधून बाहेर पडल्यावर ईशान्येला साधारण एक किलोमीटरवर हर्नँडो स्ट्रीटवर आय अ‍ॅम अ मॅन प्लाझा आहे. २०१८ला झालेला हा चौक उघड्यावर आहे, फुकट. माणसाहून उंच अक्षरं आणि संपकऱ्यांची नावं कोरलेली भिंत. म्युझियममध्ये संपकरी बहुतांशी पुतळे म्हणून भेटतात, इथे नावानिशी भेटतात, म्हणून हा थांबा चुकवू नका. शेजारी क्लेबॉर्न टेंपल आहे, म्हणजे होतं असंच म्हणावं लागेल. १८९२ला बांधलेल्या या दगडी चर्चमधून रोजचे मोर्चे निघत. मोठ्या खर्चाचं जीर्णोद्धाराचं काम चालू असताना २८ एप्रिल २०२५च्या पहाटे ते जळालं. आग लावली गेली होती, असं तपासात निघालं. पडझड झालेल्या भागात शिरू नका, कुंपणाबाहेरून बघा.

इथून मोर्चाचा मार्ग चालता येतो. हर्नँडो स्ट्रीटने उत्तरेला बील स्ट्रीट, तिथे डावीकडे वळून पश्चिमेला मेन स्ट्रीट, मग उजवीकडे सरळ सिटी हॉल. रमतगमत पाऊण तास. उन्हाळ्यात सकाळी ९च्या आत निघा, सावली फार कमी आहे. २८ मार्चला मोर्चा बीलवरून मेनवर वळल्यानंतर मोडला. त्या कोपऱ्यावर उभं राहून मागे बील स्ट्रीटकडे बघा. रस्ता किती अरुंद आहे ते दिसतं, आणि मागच्या गर्दीत काय चाललं आहे ते पुढच्या रांगेला का कळलं नसेल तेही.

मेसन टेंपल चालण्याच्या टप्प्यात नाही, टॅक्सी करावी लागते. १८ मार्चला किंग यांनी इथल्या खचाखच सभेत शहरभर एक दिवस काम बंद ठेवायची हाक दिली. त्यासाठी ठरवलेल्या २२ मार्चला मेम्फिसमध्ये फूटभराहून जास्त बर्फ पडलं आणि तो दिवस वाया गेला. ३ एप्रिलच्या रात्री वादळात त्यांचं शेवटचं भाषण झालं तेही इथेच. हे चालू चर्च आहे, पर्यटनस्थळ नाही. आत जायचं असेल तर आधी फोन करून परवानगी घ्या आणि रविवार सकाळ सोडून जा.